बँडरस्नॅचची हूल

१९८४ च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या कॉम्प्युटर मासिकांत एक जाहिरात झळकायला लागली. जाहिरात गेमची होती, पण तिच्यात गेमचं चित्र नव्हतं. पडद्यावर काय दिसणार, खेळायचं कसं, गोष्ट कशाची, यातलं काहीच नव्हतं. होते ते चार माणसांचे चेहरे आणि त्यांची नावं: इयन वेदरबर्न, माइक ग्लोव्हर, जॉन गिब्सन आणि युजीन इव्हान्स. हे चौघे मिळून असं काही घडवताहेत, की आजवरचे गेम त्यापुढे फिके पडतील, असा एकूण सूर. पुढच्या जाहिरातींमधून दोन नावं बाहेर आली. कमोडोर ६४ साठी ‘सायक्लॅप्स’ आणि झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी ‘बँडरस्नॅच’. कंपनीने या जातीच्या गेमला नावही देऊन टाकलं होतं, मेगागेम.

कंपनी लिव्हरपूलची, नाव इमॅजिन सॉफ्टवेअर. त्या वेळी ब्रिटनमध्ये स्पेक्ट्रमसमोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला हे नाव माहीत होतं. दोन्हीपैकी एकही मेगागेम कधीच दुकानात आला नाही. जुलैमध्ये कंपनीच बुडाली. तरीही बँडरस्नॅच हे नाव चाळीस वर्षं टिकलं, आणि त्याच सुमारास खरोखर विकल्या गेलेल्या शेकडो गेमची नावं आज कुणाला आठवत नाहीत. असं का झालं, हे समजायचं तर आधी लिव्हरपूल समजून घ्यावं लागतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला या शहराची अवस्था वाईट होती. ज्या बंदरावर शहर उभं राहिलं त्याचं काम आटत गेलं होतं. टेट अँड लाइलचा लव्ह लेनवरचा साखर शुद्धीकरणाचा जुना कारखाना १९८१ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी जुलैत टॉक्स्टेथ भागात दंगली उसळल्या आणि ब्रिटनच्या मुख्य भूमीवर पहिल्यांदाच पोलिसांनी जमावावर अश्रुधूर सोडला. १९८२ मध्ये बीबीसीवर ॲलन ब्लीझडेलची ‘बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ’ ही मालिका आली. काम मागत फिरणारा, हळूहळू वेडावत जाणारा तिच्यातला यॉसर ह्यूज घराघरात पोहोचला. देशाच्या नजरेत लिव्हरपूल म्हणजे बेकारी, असं समीकरण पक्कं बसलं.

याच शहरात कॉम्प्युटरची आवड मात्र लवकर रुजली होती. ब्रूस एव्हरिस याने १९७८ मध्ये इथे ‘मायक्रोडिजिटल’ नावाचं दुकान काढलं होतं. ब्रिटनमधल्या अगदी पहिल्या कॉम्प्युटर दुकानांपैकी ते एक. अशा दुकानांत शनिवारी शाळकरी पोरं तासन्‌तास घुटमळत, समोर मांडलेल्या यंत्रावर दोन ओळी लिहून बघत. गेम लिहून विकणारी ‘बग-बाइट’ ही कंपनीही लिव्हरपूलचीच. आणि २३ एप्रिल १९८२ रोजी सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम जाहीर केला. १६ के स्मृतीचा १२५ पौंडांना, ४८ के चा १७५ पौंडांना. रबरी बटणांचा हा काळा डबा घरच्या टीव्हीला जोडायचा, शेजारी कॅसेट प्लेअर ठेवायचा, की झालं. (भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून याच घराण्यातला स्पेक्ट्रम प्लस परवान्याने विकला; तेव्हा आपल्याकडेही काही घरांत ती कॅसेटची किरकिर ऐकू गेली.)

स्पेक्ट्रमने एक गोष्ट शक्य केली. सतरा-अठरा वर्षांच्या पोराने आपल्या खोलीत बसून लिहिलेला गेम कॅसेटवर उतरवून देशभर विकता येऊ लागला. यंत्रसामग्री नको, कारखाना नको. ज्या शहरात बापाचा कारखाना बंद पडलाय, तिथे याचा अर्थ काय होत असेल!

बग-बाइटमधून बाहेर पडलेले मार्क बटलर आणि डेव्हिड लॉसन यांनी १९८२ मध्ये इमॅजिन काढली. लॉसनने लिहिलेला ‘आर्केडिया’ हा त्यांचा पहिला गेम. अंतराळात शत्रूच्या लाटा येतात, त्या फोडायच्या, एवढाच मामला. पण वेग जबरदस्त आणि रंग भडक. त्या वर्षीच्या नाताळात तो धो धो विकला गेला. एव्हरिस कंपनीत आला, कारभार आणि प्रसिद्धी त्याच्याकडे गेली. पैशाचे व्यवहार बघायला इयन हेदरिंग्टन आला. पाहता पाहता कंपनीने शहराच्या मध्यभागी सर टॉमस स्ट्रीटवर ऑफिस थाटलं.

इथून पुढे गेमच्या बातम्या कमी आणि माणसांच्या जास्त येऊ लागल्या. सगळ्यात गाजली युजीन इव्हान्सची. विशीही न गाठलेला हा प्रोग्रॅमर वर्षाला ३५,००० पौंड कमावतो, दाराशी त्याची स्वतःची झगझगीत स्पोर्ट्स कार आहे, पण ती चालवायचं त्याचं अजून वय नाही, अशा गोष्टी वर्तमानपत्रांनी छापल्या. आकडा वाढवून सांगितलेला होता, हे पुढे उघड झालं. पण छापणाऱ्यांना तो पडताळून पाहावासा वाटला नाही, आणि यात मला केवळ पत्रकारांचा आळस दिसत नाही. ज्या शहराबद्दल वर्षानुवर्षं फक्त बंद कारखाने आणि दंगली छापून येत होत्या, तिथून पहिल्यांदाच एक चांगली बातमी आली होती. दक्षिणेतल्या वाचकाला ती गंमत म्हणून हवी होती, लिव्हरपूलच्या वाचकाला ती आधार म्हणून हवी होती. एव्हरिसने ही भूक ओळखली होती. बटलरची मोटारसायकल शर्यतींची हौस, कंपनीने पुरस्कृत केलेला शर्यतीचा संघ, ऑफिसबाहेर उभ्या महागड्या गाड्या, या सगळ्याचा त्याने नीट वापर केला. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना एकदम पैसा मिळाल्यावर त्यांनी गाड्या घेतल्या, यात नवल नाही. पण गाड्या कंपनीच्या यशाचा पुरावा ठरू लागल्या, तिथे हिशेब बिघडला.

१९८३ मध्ये इमॅजिनचे गेम एकामागून एक येत गेले. ‘आह डिडम्स’, ‘जंपिंग जॅक’, ‘झूम’, ‘अल्केमिस्ट’. काही छान होते, काही अगदी सामान्य. त्यातला ‘मोलर मॉल’ मला फार आवडतो: समोर भलंमोठं तोंड, दातांवर किडीचे जंतू हल्ला करताहेत, आणि आपल्या हातात टूथब्रश आणि पेस्ट. हा लिहिला जॉन गिब्सनने. गिब्सन तेव्हा पस्तिशीच्या आसपास होता आणि आजूबाजूला सगळी कोवळी पोरं, म्हणून ऑफिसात त्याला आजोबा म्हणत. ‘स्टॉन्कर्स’ही त्याचाच. नकाशावर रणगाडे, तोफा आणि रसद हलवायची, आणि शत्रू आपल्या चालीची वाट न पाहता त्याच वेळी हलतोय. १९८३ च्या मानाने ही कल्पना काळाच्या पुष्कळ पुढची होती. पण गेम पुरता तपासून न घेता विक्रीला गेला आणि खेळता खेळता मध्येच बंद पडू लागला. पाच-सहा पौंड मोजलेल्या मुलाचा संताप किती झाला असेल, ते सांगायला नको.

स्टॉन्कर्समध्ये घाई झाली तिचं कारण त्या वर्षीच्या नाताळात होतं. ब्रिटनमध्ये वर्षभरातली मोठी विक्री नाताळच्या आधीच्या आठवड्यांत होई. इमॅजिनने त्या हंगामासाठी कॅसेटवर गेम उतरवून देणाऱ्या एका मोठ्या कारखान्याची क्षमता आधीच अडवून ठेवली. हिशेब असा, की प्रतिस्पर्ध्यांना कॅसेटच करून मिळणार नाहीत. पण प्रतिस्पर्धी दुसरीकडे गेले, बाजारात नवे चांगले गेम आले, आणि इमॅजिनच्या गोदामात कॅसेटचे ढीग उरले. नव्या वर्षात त्यांनी किमती एकदम खाली आणल्या. जुन्या दराने माल भरलेले दुकानदार भडकले. ज्यांच्या जिवावर विक्री चालायची, तेच दुरावले.

त्याच सुमारास दुसरा बुरूज ढासळला. मार्शल कॅव्हेंडिश या प्रकाशन संस्थेला हप्त्याहप्त्याने निघणाऱ्या कॉम्प्युटर नियतकालिकासाठी गेम हवे होते आणि तिने इमॅजिनशी मोठा करार केला होता. वर्तमानपत्रांत एक कोटी दहा लाख पौंडांचा आकडा आला. या कराराच्या भरवशावर इमॅजिनने माणसं घेतली, जागा वाढवली. मग हातात पडलेल्या कामावर प्रकाशक समाधानी नसल्याचं दिसलं, करार मोडला, आणि दिलेला पैसा परत मागितला गेला. आत खिळखिळी झालेली कंपनी बाहेर मात्र तोच थाट मिरवत राहिली. बडा घर पोकळ वासा, ही आपल्याकडची म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

मेगागेमची कल्पना या अडचणीतून निघाली, हे जाहिरातीत कुठेच नव्हतं. इमॅजिनच्या मते त्यांची विक्री घटण्याचं मोठं कारण म्हणजे कॅसेटची नक्कल. दोन खणांचा टेपरेकॉर्डर घरात असला, की एका खणात मित्राची कॅसेट, दुसऱ्यात कोरी, आणि पाच मिनिटांत गेम तुमचा. शाळेच्या मैदानात या कॅसेटची देवाणघेवाण चाले. यावर लॉसन आणि मंडळींनी काढलेला तोडगा असा, की गेमसोबत एक छोटं यंत्र द्यायचं. ते स्पेक्ट्रमच्या मागच्या बाजूच्या जोडणीत खोचायचं. ते नसेल तर नक्कल केलेली कॅसेट निरुपयोगी. आणि त्याच यंत्रात जास्तीची स्मृती, म्हणजे नेहमीच्या स्पेक्ट्रमला जे झेपलंच नसतं ते आता झेपणार.

हे नुसतं वाऱ्यावरचं बोलणं नव्हतं, म्हणून थोडा हिशेब मांडतो. स्पेक्ट्रमच्या ४८ के पैकी जवळपास ७ के पडद्यावरचं चित्रच खाऊन टाकत असे. उरलेल्या ४१ के मध्ये गेमचा सगळा संसार: नियम, नकाशे, आवाज, पात्रं. समजा, पडद्याच्या अर्ध्या उंचीचं एक पात्र चालताना दाखवायचंय. ९६ ठिपके उंच आणि ४८ रुंद असं एक चित्र ५७६ बाइट घेतं. चाल डोळ्यांना सलग वाटायला आठ चित्रं हवीत. मागची भिंत पात्रातून दिसू नये म्हणून प्रत्येक चित्राची बाह्यरेषा वेगळी ठेवावी लागते, म्हणजे दुप्पट. एकाच पात्राचं एकाच दिशेचं चालणं ९ के च्या घरात जातं. तीन पात्रं चालवली, तर पुढे गेम लिहायला फारशी जागा उरत नाही. म्हणून त्या काळातले स्पेक्ट्रमचे नायक अंगठ्याएवढे असत. बँडरस्नॅचमध्ये नेमकं हेच बदलायचं होतं: मोठी, व्यंगचित्रासारखी, हालचाल करणारी पात्रं, आणि बोलताना डोक्यावर कॉमिकसारखे फुगे. जॉन गिब्सन यावर काम करत होता आणि हे काम बरंच पुढे गेलं होतं. सायक्लॅप्सची गोष्ट वेगळी. ब्रूस एव्हरिसने पुढे सांगितलं त्यानुसार तो कागदावरच्या कल्पनेच्या फारसा पुढे गेलाच नव्हता. जाहिरातीत मात्र दोघांना सारखीच जागा होती.

बँडरस्नॅच हे नाव लुईस कॅरलच्या कवितेतल्या एका भयंकर प्राण्याचं. ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ या १८७१ च्या पुस्तकात ती कविता आहे, आणि कॅरलचा जन्म लिव्हरपूलपासून फार लांब नसलेल्या डेअर्सबरीचा. कवितेतही हा प्राणी नीट दिसत नाही, नुसता त्याचा धाक घातला जातो. प्रसिद्धी खात्याला याहून सोयीचं नाव मिळालं नसतं.

पण जास्तीचं यंत्र म्हणजे जास्तीचा खर्च. इमॅजिनचा नेहमीचा गेम साडेपाच पौंडांना मिळायचा. मेगागेमची किंमत चाळीस पौंडांच्या आसपास जाणार, अशी बोलणी सुरू झाली. पॉकेटमनीवर गेम घेणारा मुलगा हे पैसे कुठून आणणार होता? गिब्सनसारखी माणसं कोड लिहीत होती, पण हा प्रश्न सोडवणं त्यांचं काम नव्हतं. ज्यांचं होतं ते जाहिरातींची पानं आरक्षित करण्यात गुंतले होते, आणि त्या पानांचे पैसेही थकत चालले होते. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, अशी अवस्था.

वाचकांना यातलं काहीच दिसत नव्हतं. चित्राविना आलेल्या जाहिरातीने आपापली चित्रं काढायला त्यांना मोकळं रान दिलं होतं. मासिकांत उलटसुलट येऊ लागलं, मुलं एकमेकांना सांगू लागली. खरं तर कुठलाही गेम हातात आल्यावर दहा मिनिटांत त्याची पारख होते. लोभ सुटतो किंवा जडतो. जो हातातच येत नाही, त्याची पारखही होत नाही आणि तो कधी जुनाही होत नाही. लिव्हरपूलजवळच्याच वॉलसीच्या मॅथ्यू स्मिथच्या वाट्यालाही थोड्या वेगळ्या तऱ्हेने हेच आलं. ‘मॅनिक मायनर’ आणि ‘जेट सेट विली’ या दोन गेमनी तो किशोरवयातच देशभर गाजला. दोन्हींचा नायक असलेल्या विलीचा तिसरा गेम येणार असं जाहीर झालं, तो आलाच नाही, आणि पुढे स्मिथच दिसेनासा झाला, तेव्हा त्याच्याबद्दल काय काय सांगितलं गेलं त्याला सुमार नाही. या गेमच्या आणि माणसांच्या हुलींकडे मी हसून पाहू शकत नाही. एका विशीतल्या मुलाच्या खऱ्या थकव्यावर आपण किती कल्पना रचतो, याचं मला वाईट वाटतं.

१९८४ च्या वसंतात बीबीसीचं एक चित्रीकरण पथक इमॅजिनमध्ये येऊन राहिलं. ‘कमर्शियल ब्रेक्स’ ही उद्योगांवरची माहितीपट मालिका होती आणि तिचा हा भाग करणाऱ्या पॉल अँडरसनला तरुण उद्योजकांच्या यशाची गोष्ट चित्रित करायची होती. एका बाजूला लिव्हरपूलची इमॅजिन, दुसऱ्या बाजूला मँचेस्टरची ओशन ही गेम कंपनी, आणि मध्ये नाताळचा बाजार. इमॅजिनने कॅमेऱ्याला दारं उघडली, कारण प्रसिद्धी तर हवीच होती. झालं असं, की यश टिपायला आलेल्या कॅमेऱ्याने बुडणारी कंपनी टिपली. बैठका, फोन, धनकोंना दिलेली उत्तरं, आणि शेवटी ऑफिसात शिरलेले बेलीफ. एखाद्या कंपनीचा अंत इतक्या जवळून चित्रित झाल्याची उदाहरणं फार कमी आहेत. हा भाग १३ डिसेंबर १९८४ रोजी बीबीसी टू वर दाखवला गेला.

कोर्टातला शेवट अगदी छोट्या रकमेवरून झाला. ‘पर्सनल कॉम्प्युटर गेम्स’ या मासिकातल्या जाहिरातींचे दहा हजार पौंड थकले होते. मासिकाची मालक व्हीएनयू बिझनेस प्रेस कोर्टात गेली, आणि ९ जुलै १९८४ रोजी लंडनच्या हायकोर्टाने इमॅजिन अवसायनात काढण्याचा आदेश दिला. इतर देणी त्याहून कितीतरी मोठी होती, पण दोरी तुटली ती जाहिरातीच्या बिलावर. त्याच उन्हाळ्यात मर्सी नदीकाठी आंतरराष्ट्रीय उद्यान महोत्सव भरला होता, शहर उभारी धरतंय हे देशाला दाखवण्यासाठी. दोन महिन्यांपूर्वी मे मध्ये त्याचं उद्घाटन झालं होतं.

मग वाटणी झाली. इमॅजिन हे नाव ओशनने विकत घेतलं आणि पुढे कित्येक वर्षं व्हिडिओ पार्लरमधल्या गेमच्या घरगुती आवृत्त्या त्याच नावाखाली विकल्या. म्हणजे ज्या प्रतिस्पर्ध्याशी नाताळची लढाई होती, त्याच्या डब्यांवर इमॅजिनचं नाव गेलं. जुन्या गेमचे हक्क ‘बो जॉली’ कंपनीकडे गेले. आणि बँडरस्नॅच? तो लॉसन आणि हेदरिंग्टन यांच्यासोबत गेला. त्यांनी ‘फिंचस्पीड’ नावाची कंपनी काढली होती. सिंक्लेअरचा नवा क्यूएल कॉम्प्युटर जानेवारी १९८४ मध्ये जाहीर झाला होता आणि त्याला दाखवण्याजोग्या गेमची गरज होती. सिंक्लेअर रिसर्चने क्यूएलवर बँडरस्नॅच करून घ्यायला काही काळ पैसा पुरवला. पण क्यूएलच लंगडत होता. सिंक्लेअरने हात आखडता घेतला आणि बँडरस्नॅच दुसऱ्यांदा अडला.

इमॅजिनमधून बाहेर पडलेल्यांचं काय झालं, हा भाग या गोष्टीत नेहमी शेवटच्या दोन ओळींत उरकला जातो आणि ते मला पटत नाही. स्टीव्ह केन, ॲली नोबल, केरन डेव्हिस, जॉन गिब्सन आणि आणखी काही जणांनी डेंटन डिझाइन्स उभी केली. इथे चेहऱ्यांच्या जाहिराती नव्हत्या. त्यांचा ‘गिफ्ट फ्रॉम द गॉड्स’ १९८४ मध्येच आला, नायक ग्रीक पुराणातला ओरेस्टिस, आणि प्रकाशक ओशन. मग १९८५ मध्ये ‘शॅडोफायर’ आणि ‘फ्रँकी गोज टू हॉलिवूड’, १९८६ मध्ये ‘द ग्रेट एस्केप’. दुसऱ्या महायुद्धातल्या एका युद्धकैद्यांच्या छावणीतून निसटायचं. घंटा वाजली की हजेरीला जायचं, कैद्यांच्या रांगेत उभं राहायचं, आणि पहारेकऱ्याची नजर चुकवून भुयारात उतरायचं. काहीच केलं नाही, तर तुमचा कैदी आपणहून छावणीच्या दिनक्रमानुसार चालत राहतो. तोच ४८ के चा स्पेक्ट्रम, मागे खोचायचं कसलंही यंत्र नाही. स्पेक्ट्रमवरच्या सर्वोत्तम कामांत मी तो धरतो.

लॉसन आणि हेदरिंग्टन यांनी जॉनथन एलिससोबत १९८४ मध्येच सिग्नॉसिस स्थापन केली. रॉजर डीनने काढलेलं तिचं घुबडाचं चिन्ह पुढे जगभर गेलं. १९९१ मध्ये स्कॉटलंडच्या डीएमए डिझाइनने केलेला ‘लेमिंग्ज’ तिनेच प्रकाशित केला. १९९३ मध्ये सोनीने ती विकत घेतली, १९९५ मध्ये ‘वाइपआउट’ आला आणि प्लेस्टेशनचा युरोपातला चेहरा बनला. २०१२ मध्ये सोनीने लिव्हरपूलचा हा स्टुडिओ बंद केला, तोवर या शहरात दोन पिढ्यांना गेमच्या धंद्यात रोजगार मिळून गेला होता. सायक्लॅप्स हे नावही सिग्नॉसिसने वाया घालवलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आपल्या काही गेमसाठी तिने तेच छाप म्हणून वापरलं. युजीन इव्हान्सनेही पुढची वर्षं याच धंद्यात काढली, अमेरिकेत.

२८ डिसेंबर २०१८ रोजी नेटफ्लिक्सवर ‘ब्लॅक मिरर: बँडरस्नॅच’ आला. लेखक चार्ली ब्रूकर तरुणपणी गेमची परीक्षणं लिहायचा, त्यामुळे त्याला ही गोष्ट ठाऊक असणं स्वाभाविक होतं. चित्रपटातला प्रोग्रॅमर काल्पनिक आहे, कंपनी काल्पनिक आहे, गेमही एका काल्पनिक कादंबरीवर बेतलेला आहे. पण सुरुवात होते ९ जुलै १९८४ या तारखेला, आणि ती तारीख कुठून आली ते आता वेगळं सांगायला नको. या चित्रपटानंतर बँडरस्नॅच हे नाव जगभर गेलं, आणि त्यासोबत एक समजही पसरला की तो गेम लिहिणारा माणूस वेडा झाला. तसं काही घडलं नव्हतं. लिहिणारा माणूस दुसऱ्या ऑफिसात जाऊन पुढचा गेम लिहायला लागला.

मूळ बँडरस्नॅच कसा झाला असता, याची सगळ्यात जवळची झलक आजही पाहता येते. सिग्नॉसिसचा पहिला गेम ‘ब्रॅटॅकस’ १९८६ च्या सुरुवातीला अटारी एसटी, अमिगा आणि मॅकिन्टॉश या नव्या, कितीतरी अधिक स्मृतीच्या यंत्रांवर आला. बँडरस्नॅचसाठी झालेल्या विचारातून आणि कामातूनच तो घडला. नायक काइन हा जनुकशास्त्रज्ञ. सरकारने त्याच्यावर देशद्रोहाचा खोटा आळ घेतलाय, आणि आपण निर्दोष असल्याचा पुरावा शोधायला तो ब्रॅटॅकस नावाच्या लघुग्रहावर आलाय. आत शिरलात की मोठमोठी पात्रं दिसतात. ती तुमची वाट न बघता आपापल्या कामाला ये-जा करतात, दालनात भेटतात, आणि बोलली की डोक्यावर फुगा उमटतो. गिब्सन आणि मंडळींना स्पेक्ट्रमवर जे बसवायचं होतं, ते इथे आहे. माउसच्या हालचालींवरून काइनला चालवायचं असतं आणि ते जाम अवघड जातं. वळवायला जावं तर तो धावत सुटतो, तलवार उपसायच्या वेळी पाठ फिरवतो. तेव्हाच्या परीक्षकांनी यावरूनच गेमला झोडपलं, आणि ते बरोबर होतं. मीही फार पुढे गेलो नाही. पण पहिल्यांदा समोरचा पहारेकरी थांबला, त्याच्या डोक्यावर पांढरा फुगा फुटला आणि त्याने काइनला हटकलं, तेव्हा १९८४ च्या त्या जाहिरातीमागे खरोखर काय चाललं होतं, ते मला दिसलं.